नियम, नेतृत्व आणि अंगण

संस्था कशी चालवावी याविषयीचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत पाश्चात्य देशांत फार वाढले, आणि आता ते आपल्याकडेही कॉलेजांतून शिकविले जाते, परीक्षेस नेमले जाते, व कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून अधिकाऱ्यांच्या कानांवर घातले जाते. त्यातील उदाहरणे बहुधा डेट्रॉइटच्या मोटारींची, किंवा दूरच्या कोणत्या तरी टेलिफोन कंपनीची असतात. ती खोटी नसतात. पण शिकणाऱ्याच्या मनात त्यामुळे अशी एक समजूत रुजते, की शास्त्र तिकडचे आणि आपल्या वाट्यास केवळ त्याचा उपयोग करणे आलेले. आमच्या मते कोणत्याही सिद्धान्ताची खरी परीक्षा तो घरच्या उंबरठ्यावर आणून ठेवला म्हणजेच होते. तेथे तो कितपत टिकतो, आणि टिकला नाही तर दोष सिद्धान्ताचा की तो लावणाऱ्याचा, हे पाहणे हे टीकाकाराचे काम होय.

या परीक्षेस वाणगावच्या आसपासचा प्रदेश मोठा सोयीचा आहे. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू यांच्या मधले हे स्टेशन. दक्षिणेकडे बोईसरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुविद्युत्केंद्र. उत्तरेकडे डहाणू, आणि त्याच्या पलीकडे कोसबाडची टेकडी. पूर्वेस वारल्यांचे विखुरलेले पाडे. नियमांच्या बळावर चालणाऱ्या प्रचंड संस्था आणि दोन स्त्रियांनी मुलांच्या दारात जाऊन मांडलेली शाळा, या दोन्ही गोष्टी एकाच लोहमार्गाच्या काठी सापडतात. त्या शाळेचे नाव अंगणवाडी. पुढे सरकारने ते नाव उचलले आणि ते देशभर पसरले. म्हणून नोकरशाही आणि नेतृत्व या दोहोंविषयीचे सिद्धान्त आम्ही येथे या एकाच संस्थेस लावून पाहणार आहोत.

या सिद्धान्तांचे बीज आपल्या म्हणींतही आहे. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण नेतृत्वाची. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही नोकरशाहीची. पहिलीत कौतुक आहे, दुसरीत वैताग. आपले लोकमत नेत्याच्या बाजूचे आणि नियमाच्या विरुद्ध कसे आहे, हे या दोन म्हणींवरूनच दिसते. हा पक्षपात पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमचा वाद मुख्यतः त्याच्याशीच आहे.

नोकरशाहीची शास्त्रशुद्ध मीमांसा जर्मन पंडित माक्स वेबर (१८६४–१९२०) याने केली. त्याचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९२१-२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे आज्ञा का पाळतात, या प्रश्नास त्याने तीन उत्तरे दिली. वाडवडिलांपासून चालत आले म्हणून पाळतात, हा परंपरेचा अधिकार. आज्ञा देणाऱ्या व्यक्तीच्या ठायी काही असामान्य तेज आहे असे वाटते म्हणून पाळतात, हा विभूतिमत्त्वाचा अधिकार. आणि आज्ञा नियमास धरून आहे म्हणून पाळतात, हा नियमाचा अधिकार. नोकरशाही ही तिसऱ्या अधिकाराची मूर्ती होय. तिच्यात प्रत्येकाचे काम वाटून दिलेले असते, वरच्या-खालच्यांची उतरंड ठरलेली असते, व्यवहार लेखी असतो, माणूस नात्यागोत्यावर न घेता शिक्षण पाहून घेतला जातो. आणि या सर्वांच्या मोबदल्यात त्याला ठरलेला पगार, बढतीची वाट व म्हातारपणी निवृत्तिवेतन असते. हे शेवटचे कलम आमच्या व्याख्यातांकडून बहुधा घाईत राहून जाते. त्याचे महत्त्व पुढे दिसून येईल.

हा विचार मराठी वाचकास सर्वस्वी परका वाटू नये. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून उतरलेले ‘आज्ञापत्र’ ज्यांनी वाचले आहे, त्यांस किल्ल्यावरील हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांची कामे कशी वेगळी ठेविली होती आणि ठराविक मुदतीने त्यांच्या बदल्या करण्यावर कसा कटाक्ष होता, हे आठवेल. किल्ला एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यातील हेतू. स्वामिनिष्ठेचे एवढे स्तोत्र गाणाऱ्या ग्रंथासही निष्ठेवर सर्व भार टाकणे धोक्याचे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता विभूतिमत्त्वाचे पुढे काय होते? वेबरचे म्हणणे असे, की विभूती मर्त्य असते. तिच्यामागे अनुयायांचे पोट असते, संस्थेचा खर्च असतो, वारसाचा प्रश्न असतो. म्हणून ते तेज हळूहळू रोजच्या व्यवहारात मुरते आणि एक तर परंपरा बनते किंवा कचेरी बनते. हा सिद्धान्त खोल आहे. परंतु संस्थांच्या व्यवहारात तो लावताना त्याचे एक सोयीस्कर रूपांतर होते. ‘संस्थापक होते तोवर चैतन्य होते, ते गेले, सरकारी खाते आले, आणि राहिली ती नोंदवही,’ असे म्हणून सुस्कारा टाकला की विश्लेषण संपले, असे मानले जाते. अंगणवाडीविषयी हेच बोलले जाते. ते आम्हांस मान्य नाही.

मूळ हकीकत अशी. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसोरीबाईंची पद्धती त्यांनी पत्करली, पण तिची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने घडविण्याचा मार्ग त्यांनी धरला. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या. तेथे बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली, त्या आदिवासी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात.

या ठिकाणी क्षणभर थांबून एखादी सामान्य कचेरी काय करील याची कल्पना करावी. ती ‘पालकांत शिक्षणाविषयी अनास्था’ असा शेरा मारील, हजेरीचा आकडा वर पाठवील, आणि फार तर एक जनजागृतीची फेरी काढील. बोर्डीस असे झाले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. आणि शिक्षिका वस्तीत जाऊन तेथेच वर्ग मांडू लागल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर याच विचाराचे पुढचे टप्पे आले. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या काखेत धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकत्र नांदणारी विकासवाडी झाली. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. म्हणून शाळा कुरणात गेली, आणि तिचे नाव कुरणशाळा पडले.

या तिन्ही निर्णयांत एक समान सूत्र आहे. गैरहजेरी हा मुलाचा अपराध न मानता तो संस्थेच्या रचनेतील दोषाचा पुरावा मानला गेला. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ च्या सुमारास आपल्या व्याख्यानांतून असे मांडले होते, की एका माणसाने दुसऱ्यास आज्ञा देण्यापेक्षा दोघांनी मिळून परिस्थिती काय आज्ञा करीत आहे ते ओळखावे. न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड याने १९३८ च्या आपल्या ग्रंथात म्हटले, की आज्ञेचे बळ ती देणाऱ्याच्या खुर्चीत नसून ती घेणाऱ्याच्या स्वीकारात असते. बोर्डीच्या पाड्यांवरील आईबापांनी शाळेची आज्ञा स्वीकारली नव्हती. आणि शाळेने तो नकार वाचला. हे तेज नव्हे, ही रीत आहे. तेज एका व्यक्तीबरोबर जाते. रीत दुसऱ्यास शिकविता येते.

ती शिकविता आली, याचा पुरावा म्हणजे अनुताई वाघ (१९१०–१९९२). नेतृत्वाचे ग्रंथ नेहमी पहिल्या माणसाकडे पाहतात. आम्हांस दुसरे माणूस अधिक बोधप्रद वाटते. बालपणीच वैधव्य आलेली ही शिक्षिका १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर आली, आणि ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्यावर आणखी एकोणीस वर्षे तिने ते काम चालविले. वेबरने सांगितलेला वारसाचा प्रश्न येथे रक्ताच्या नात्याने सुटला नाही, की कचेरीच्या हुकुमानेही सुटला नाही. तो अठ्ठावीस वर्षांच्या एकत्र कामाने सुटला. अनुताईंच्या आत्मचरित्राचे नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. त्या नावात व्यक्ती नाही, जागा आहे. ज्या लेखिकेस स्वतःपेक्षा आपण जेथे उभ्या आहोत ते ठिकाण महत्त्वाचे वाटते, तिला केवळ विभूती म्हणून देव्हाऱ्यात बसविणे हा तिच्यावर अन्यायच होय.

आणि येथे आपल्या वाङ्मयावरही थोडा ठपका ठेवणे भाग आहे. सेवाकार्य करणाऱ्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुतेक चरित्राच्या किंवा गौरवाच्या रूपात. त्यांत त्याग असतो, कष्ट असतात, साधी राहणी असते. परंतु आठवड्याची आखणी कशी होत असे, नवी शिक्षिका तयार होण्यास किती काळ लागे, चूक कोण दाखवी आणि ती कोण दुरुस्त करी, हे क्वचितच सापडते. आम्ही वाचक त्या व्यक्तीस विभूती करून मोकळे होतो. विभूतीची पूजा करावयाची असते, अनुकरण करावयाचे नसते. त्यामुळे आपली सुटका होते. कोसबाडची रीत पद्धतशीर लिहून काढण्याऐवजी कोसबाडचे माहात्म्य गाण्यात आपण सर्वांनीच अधिक वेळ घालविला आहे.

विभूतिमत्त्वावर सर्व भार टाकण्यातील धोका याच भागाने त्याच वर्षी पाहिला. १९४५ मध्ये उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली, व त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोदावरीबाईंच्या नावाने खोटा सांगावा फिरला, हजारो वारली जमले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. ज्या नावावर माणसे प्राण द्यावयास तयार असतात, ते नाव दुसऱ्या कोणीही उच्चारू शकतो. खरा सांगावा कोणता हे ओळखण्याचा नियम हवा, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला नोकरशहा म्हणता आले नसते.

म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, या घटनेकडे आम्ही अधःपात म्हणून पाहत नाही. कोसबाडची टेकडी कितीही पुण्यवान असली तरी तिची सावली एका तालुक्याबाहेर पडत नव्हती. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढील उपचारांकडे रवानगी, मातांस आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, ही सहा कामे त्यांच्याकडे आहेत. एवढा विस्तार नियमाशिवाय होत नसतो. नियम हा गरिबाचा वशिला होय. ज्याला ओळख नाही त्याला तोच एक आधार असतो.

मग बिघडले कोठे? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४० मध्ये नोकरशाहीचा एक रोग सांगितला: साध्यासाठी केलेला नियम पुढे स्वतःच साध्य होऊन बसतो. वजन मुलासाठी घ्यावयाचे. पण वजनाची नोंद वर गेली की मुलाचे काम झाले असे वाटू लागते. १९९२ मध्ये याच परिसरातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा कागद आणि मूल यांमधील अंतर किती प्राणघातक असते हे सर्वांस कळले. बोर्डीची रीत आणि या नोंदीची रीत यांतील भेद थोडक्यात असा: बोर्डीस गैरहजेरी ही प्रश्नाची सुरुवात होती, नोंदवहीत ती प्रश्नाचा शेवट आहे.

तरीही नियमात ती रीत बसविता येतच नाही, हे खरे नाही. लोकसंख्येच्या आकड्यावर अंगणवाडी द्यावयाची, तर विखुरलेल्या पाड्यांची मुले नेहमीच सुटणार. म्हणून छोट्या वस्त्यांसाठी मिनी अंगणवाडीची सोय झाली. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती दिली जावी. आमच्या मते हा आदेश म्हणजे बोर्डीच्या अंगणाचे कायद्याच्या भाषेत केलेले रूपांतरच आहे. शाळेने मुलाकडे जावे, ही एका बाईची माया येथे वस्तीचा हक्क झाली. विभूतिमत्त्व कचेरीत शिरताना मेलेच पाहिजे, या समजुतीस याहून स्वच्छ उत्तर नाही.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो अंगणवाडीत बसणाऱ्या बाईंविषयी आहे. मायकेल लिप्स्की याने १९८० च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की सरकारचे धोरण राजधानीत लिहिले जात असले तरी ते प्रत्यक्षात घडते खिडकीशी बसलेल्या कनिष्ठ नोकराच्या हातून. वाणगावच्या पूर्वेकडील एखाद्या पाड्यावर सरकार म्हणजे कोण? ती सेविकाच. तिला ठरलेले काम आहे, वर पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकारी यांची उतरंड आहे, नोंदवह्या आहेत, २०२१ पासून मोबाईलवरील ‘पोषण ट्रॅकर’ आहे. वेबरने सांगितलेली नोकरशाहीची सारी बंधने तिला लागू आहेत. पण त्याच वेबरने सांगितलेले शेवटचे कलम? पगार नाही, मानधन आहे. पद नाही, ‘मानसेवी’ अशी उपाधी आहे. दीर्घकाळ राज्यकर्त्यांची भूमिका हीच राहिली, की ही नोकरी नव्हे, सेवा आहे.

हेच या लेखाचे मुख्य म्हणणे आहे, म्हणून ते आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. आपल्याकडे या दोन सिद्धान्तांचा उपयोग होतो तो असा: काम मागताना नियमाचा सिद्धान्त काढावयाचा, आणि दाम देताना विभूतिमत्त्वाचा. नोंद उशिरा झाली तर ती बाई कर्मचारी. निवृत्तीचा प्रश्न आला तर ती सेविका, माउली, ताराबाईंची वारस. ताराबाई आणि अनुताई यांनी आपखुशीने पत्करलेले व्रत दुसऱ्या लक्षावधी स्त्रियांच्या माथी न विचारता मारणे, हा त्यागाचा गौरव नसून त्यागाचा गैरवापर आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस यांस १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना उपदान, निवृत्तिवेतन आणि मानधनवाढ यांसाठी संपावर जावे लागले. बर्नार्डच्या भाषेत सांगावयाचे तर आज्ञा घेणाऱ्यांनी आपला स्वीकार काही काळ परत घेतला.

येथे कोणी अशी शंका घेईल, की सेवाभाव काढून घेतला आणि हक्कांची भाषा आणली, तर अंगणवाडीतील जिव्हाळा उरणार नाही. ती आणखी एक कचेरी होईल. ही शंका प्रामाणिक आहे, आणि तिचे उत्तर टाळता येणार नाही. जिव्हाळा मानधनाच्या तोकडेपणातून उत्पन्न होतो, असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. तो उत्पन्न होतो तो पाहण्याच्या आणि बदलण्याच्या मोकळीकीतून. बोर्डीच्या शिक्षिकेस वर्गाची जागा बदलण्याची मोकळीक होती. आजच्या सेविकेस दुपारची वेळ बदलून सकाळची करावी असे वाटले, किंवा वारली बोलीतील गाणी पुस्तकातल्या धड्याआधी घ्यावी असे वाटले, तर तेवढे ठरविण्याचा अधिकार तिला असला पाहिजे. आणि तिने असे काय बदलले व का, हे वरच्याने विचारले पाहिजे. अशी मोकळीक न देता जिव्हाळ्याची अपेक्षा करणे म्हणजे पाय बांधून नाच म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा संस्थांस हे सिद्धान्त लावू इच्छिणाऱ्यांनी, मग ते बोईसरच्या कारखान्यातील अधिकारी असोत की पालघरच्या जिल्हा परिषदेतील, तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. पहिला, आपल्या संस्थेत जो सर्वांत खाली आहे त्याला नियमाची बंधने आणि नियमाची फळे दोन्ही मिळतात काय? दुसरा, जो येत नाही, घेत नाही, ऐकत नाही, त्याच्याविषयी आपण शेरा लिहितो की शोध घेतो? तिसरा, ज्या संस्थापकाची तसबीर आपण भिंतीवर लावली आहे, त्याची रीत कोठे लिहून ठेवली आहे काय, आणि ती शिकलेले दुसरे माणूस आपल्यात आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेस देता येतात तिला वेबर आणि बर्नार्ड यांची नावे पाठ नसली तरी चालतील; आणि ज्या संस्थेस देता येत नाहीत तिच्या प्रशिक्षणवर्गात ती नावे कितीही वेळा उच्चारली, तरी तो कागदी घोड्यांना चढविलेला नवा साजच ठरेल.

नियम आणि नेतृत्व ही एकमेकांची वैरी नाहीत. चांगल्या नेतृत्वाचे फळ म्हणजे त्याच्या माघारीही पाळता येईल असा नियम, आणि चांगल्या नियमाची खूण म्हणजे तो मोडण्याआधी बदलण्याची ज्यात सोय आहे. अंगणवाडी हे नाव ज्यांनी दिले, त्यांनी इमारतीवरून नव्हे, अंगणावरून ते दिले. त्या नावाखाली आज जी स्त्री बसते तिला पद, वेतन आणि थोडी मोकळीक मिळेल, त्या दिवशी ते नाव सार्थ झाले असे आम्ही समजू.